मोरीच्या कठड्यावरचं गुंतवळ

शालूवैनी गेल्याचा निरोप माझ्या ऑफिसच्या फोनवर आला. "वैनी गेली गं... निघ तू," एवढंच हे बोलले. त्याला आता सहा आठवडे होतील. थोरली जाऊ म्हटलं की लोकांना भांडणं आठवतात. आमचं भांडण असं कधी झालंच नाही. झाला तो संशय, आणि तो सगळा माझ्याच बाजूने.

घाटकोपरला चाळीत आमच्या दोन खोल्या आणि एक मोरी. मोठ्या दिरांचा दाढीचा फेस, ह्यांची नखं, आम्हा जावांचे केस, सगळं तिथेच. पुरुषांचं सासूबाई खपवून घ्यायच्या, केसांचं नाही. त्या मालवणकडच्या. विंचरून आलेल्या केसांचं गुंतवळ करायचं, त्यावर तीनदा थुंकायचं आणि स्वतःच्या हाताने लांब टाकायचं. परक्याच्या हाती पडलं तर करणी होते, ही त्यांची शिस्त. मी आठ-दहाच्या लोकलच्या घाईतली, गुंतवळ कठड्यावर ठेवून पळायची. "मोरी काय तुझ्या बापाशीची?" हे सासूबाईंचं रोजचंच.

मग एकदा माझ्या लक्षात आलं की, संध्याकाळी येते तर कठडा साफ. सासूबाईंनी टाकलं नव्हतं. वैनींना विचारलं, तर त्या नुसत्या नाही म्हणाल्या आणि पीठ मळत राहिल्या. माझ्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं... करणी-बिरणी थोतांड आहे असं ऑफिसात ठासून सांगणारी मी दुसऱ्या दिवसापासून आपलं गुंतवळ वर्तमानपत्रात बांधून, डब्याच्या पिशवीतून ऑफिसात नेऊन टाकायला लागले. आठवड्याने वैनींनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, हल्ली केस विंचरत नाय काय गो? झालं, माझी खात्री पटली. मी ह्यांना सांगितलं, चारकोपला नवी घरं होतायत, फॉर्म भरा, नाहीतर मी माहेरी चालले. कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे हसले असते. बिचाऱ्यांनी फॉर्म आणला.

त्याच रविवारी पोहे शोधताना तांदळाच्या डब्यामागे बिस्किटांचा जुना डबा सापडला. आत केसांचं घरटं. त्यातले कुरळे, काळेभोर माझे. बाकीची माणसं खाली गेलेली, वैनी मोरीत भांडी घासत होत्या. मी डबा त्यांच्यासमोर धरला.

"माझ्या केसांचं काय करता तुम्ही? माझं मूल..."

त्यांनी हात धुतले, दार लावलं, डोक्यावरचा पदर काढला आणि अंबाडा सोडला. अख्खा अंबाडा हातातच आला. मागे उरली ती दोऱ्याएवढी शेपटी, आणि टाळू दिसत होती.

"तापात गेले," त्या म्हणाल्या. "गंगावन करूक माझे पुरत नाय. तुझे घेतले. मागूक लाज वाटली गो... ह्यांका सांगू नको."

मोठे दीर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की, मी हिचे केस बघून होकार दिला. दोन वर्षं त्यांना काही कळलं नव्हतं. नवरे बायकोचे केस एकदाच बघतात, पसंतीच्या वेळी.

मी माफी मागितली नाही; कशी मागायची तेच कळेना. फॉर्म फाडला, त्यावर हे दोन दिवस चिडले. सोमवारपासून मात्र गुंतवळ कठड्यावर ठेवायला लागले, मुद्दाम, नीट गोल करून. सासूबाई शिकलेली गबाळी म्हणायच्या, दीर नाक मुरडायचे, हे समजावायचे. मी सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळी येईपर्यंत कठडा साफ झालेला असायचा. मूल झालं नाही ते नाहीच. त्याला कोणाची करणी लागत नाही.

वैनींना शेवटचं सजवलं तेव्हा अंबाडा मी घातला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

परवा सकाळी विंचरलं आणि हाताच्या सवयीने कठड्यावर ठेवलं. सासूबाई मागेच उभ्या होत्या. आता बापाचा उद्धार होणार म्हणून मी थांबले. त्यांनी त्या गोळ्याकडे बघितलं.

"उचल तां," त्या हळूच म्हणाल्या. "आता कोणासाठी ठेवतंस?"