सीमेवरची संत्री

ऑस्ट्रेलियात लेकीच्या गाडीतून फिरताना दोन राज्यांच्या सीमेवर फळं टाकायचा मोठा डबा लागला.

"आई, संत्री पुढे नेता येत नाहीत. फळमाशी पसरते."

"अगं, पण देश एकच ना?"

"एकच. आधी वेगवेगळ्या वसाहती होत्या, मग एकत्र आल्या."

तिच्या परसातली पहिलीच संत्री. टाकवेनात, म्हणून आम्ही दोघींनी ती तिथेच उभ्याने खाऊन संपवली. एकत्र येताना या लोकांनी नेमकं काय एक केलं असेल? झेंडा, सैन्य, नाणं. संत्र्याचं तेवढं राहून गेलं. की मुद्दामच राखलं? एका सालीखालीही प्रत्येक फोड आपला पापुद्रा सांभाळतेच.

सीमा ओलांडून बरंच पुढे आल्यावर लक्षात आलं, मुठीत दोन बिया राहिल्या होत्या. त्या आता कुठल्या राज्याच्या, हे लेकीला विचारायचा धीर झाला नाही.