उलटी छापलेली मतमाउली

गेली वीस वर्षं मी सुरतेत साड्यांची डिझाइनं काढते. कोयरी, वेल, बुट्टी, मग पुन्हा कोयरी. त्यामुळे आमच्या चर्चसाठी मतमाउलीचं, म्हणजे मारियामातेचं, मोठं चित्र कापडावर छापून द्याल का असं फादरांनी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणाले. कोणी चित्रकार म्हटलं की मी जरा फुगतेच.

पण खरं कारण आई होती. वर्षापूर्वी तिला लकवा झाला. चालणं-बोलणं परत आलं, उजवा हात मात्र लुळाच राहिला. तेव्हापासून तिने चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, जाणं सोडलं. "डाव्या हातानं क्रुसाची खूण करू? देवाला डावा हात दावू व्हय?" म्हणायची. नगरकडच्या आमच्या घरात डाव्या हाताने कुणाला पाणीसुद्धा दिलेलं नाही. मी समजावलं, फादरांनी समजावलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दर रविवारी चर्चमध्ये तिची जागा रिकामीच. मग वाटलं, मतमाउली आईसारखीच काढली तर निदान बघायला म्हणून तरी येईल.

सुरतेत नवागामच्या आमच्या घराच्या गॅलरीत तिला हिरवं लुगडं नेसवून बसवलं आणि मांडीवर बाळ येशू म्हणून उशी दिली. "बाळ लई हलकं हाय गं," ती म्हणाली, "दूध पीत न्हाई वाटतं." कितीतरी दिवसांनी हसली. चित्रात पदर डाव्या खांद्यावर, डोक्यावरून घेतलेला, आणि बाळाचा उजवा हात आशीर्वादासाठी वर. त्या इवल्याशा हातावर मी दोन दिवस घालवले.

छपाई कडोदऱ्याच्या एका कारखान्यात. तिथे चित्र आधी कागदावर छापतात आणि मग गरम रोलरखाली कागदावरचा रंग कापडावर उतरवतात. म्हणून कागदावर ते उलटं छापावं लागतं, तरच कापडावर सुलटं येतं. पण कोयरीचं तोंड इकडे झालं काय न् तिकडे झालं काय, साडी नेसणारीला फरक पडत नाही. वीस वर्षं मी फाइल कधी उलटी केली नव्हती. याही वेळी केली नाही.

मतमाउलीच्या सणाच्या सकाळी कापड थेट चर्चमध्ये आलं. वेदीमागे टांगलं आणि बघते तर काय, सगळं उलटं! पुढच्या बाकावरच्या एक गुजराती शिक्षिकाबाई खूश होऊन म्हणाल्या, "जुओ, पालव जमणा खभे! आ तो आपणी गुजरातण!" गुजराती पदरासारखा हा मागून पुढे आलेला नाही हे बघितलं असतं तर त्यांना तसं वाटलं नसतं, पण पदर उजव्या खांद्यावर गेला होता हे खरं. त्याचं मला काही नव्हतं. बाळ डाव्या हाताने आशीर्वाद देत होतं आणि दारात रिक्षातून आई उतरत होती.

धावत जाऊन कापड उतरवावं असं वाटलं, पण तेवढ्यात ती आत आली. काठी टेकत मधल्या वाटेने थेट वेदीपर्यंत गेली आणि बराच वेळ वर बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "ह्याचा बी डावाच हाय."

आणि सगळ्यांदेखत तिने काठी माझ्याकडे दिली, डावा हात उचलला आणि कपाळ, छाती, खांदे असा सावकाश क्रूस केला. मला रडू आवरेना.

मिस्सा संपल्यावर तिने विचारलं, "माझ्यासाठी मुद्दाम डावा काढलास ना गं?"

मी हो म्हणाले.

पुढच्या शनिवारी फादरांपुढे गुडघे टेकून त्या खोटेपणाची कबुली दिली. उलट्या छपाईची मात्र दिली नाही. झाली माझ्याच हातून, पण ती चूक माझी होती असं मला अजूनही वाटत नाही.