महनाजचं अर्धं वाक्य

नीना टिळेकरने भरलेला अर्ज नामंजूर होत नाही, असं तिच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, बोललं जायचं. इंग्लंडमधल्या लीड्सहून ट्रेनने पाऊण तासावरच्या त्या गावात ती सव्वीस वर्षांपूर्वी नवऱ्यामागून आली. विनयला तिथल्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे विभागात नोकरी होती. नीना साताऱ्याची, एम.ए. झालेली, पण इथे तिला पहिलं काम मिळालं ते लायब्ररीत परत आलेली पुस्तकं रॅकवर लावायचं. तिथून हळूहळू चढत ती कौन्सिलच्या कम्युनिटी विभागात पोचली. कधी म्हाताऱ्यांच्या लंच क्लबसाठी, कधी नर्सरीच्या गळक्या छपरासाठी ती सरकारी अनुदान, म्हणजे ग्रँट, मिळवून आणायची. अर्जात ‘गरज काय आहे’ असा एक रकाना असतो. बाकीचे लोक तिथे आकडे भरत. नीना आधी त्या माणसांपाशी जाऊन बसायची, त्यांचं ऐकायची आणि मग लिहायला घ्यायची.

गावाबाहेर रिंग रोडला एक हॉटेल होतं. दोन वर्षांपासून तिथे आश्रय मागायला आलेली माणसं ठेवली होती. इराण, सुदान, एरिट्रिया, कुठली कुठली. त्यांना काम करायची परवानगी नाही, हातात जेमतेम बसभाड्यापुरते पैसे, आणि निकाल कधी लागेल याचा पत्ता नाही. अशा माणसांसाठी सरकारने कौन्सिलांना ग्रँट जाहीर केली, तेव्हा नीनाच्या टेबलाशी येऊन बसला तो समर.

समर तिच्या मैत्रिणीचा मुलगा. जन्म इथलाच. लहानपणी दर रविवारी नीनाच्या घरी मराठी शिकायला यायचा आणि चकल्या खाऊन परत जायचा. आता चौतिशीत तो काउन्सिलर, म्हणजे नगरसेवक, झाला होता, वर कौन्सिलचा कारभार बघणाऱ्या कॅबिनेटमध्येही. नीनाला त्याचा अभिमान होता, आणि ती तो लपवतही नसे.

“मावशी, हा काम फक्त तूच करू शकते,” तो म्हणाला. “इंग्लिश क्लासेस, बायकांसाठी एक रूम. तू लिही. मी कॅबिनेटमध्ये फाइट करतो.”

“मी त्या बायकांना शब्द देणार बघ, समर. उद्या तोंडघशी पाडू नकोस मला.”

“माझा प्रॉमिस,” तो म्हणाला. त्याचं ‘माझा’ ऐकून नीना हसली आणि सवयीने म्हणाली, “माझं.”

मग सहा आठवडे ती हॉटेलवर जात राहिली. खालच्या नाश्त्याच्या खोलीत एका कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची. पहिले दोन आठवडे कुणी जवळ आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात महनाज आली. केर्मानशाहची, चाळिशीतली, तिकडे शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी. हातात हॉस्पिटलचं एक पत्र होतं, घड्या घालून घालून फाटायला आलेलं. तिची अपॉइंटमेंट हुकून नऊ दिवस झाले होते. वरची जुनी तारीख तिला वाचता आली होती. पण ती बदलल्याचं खाली चार ओळींत लिहिलं होतं, ते कळलं नव्हतं.

नीनाने तिथूनच फोन लावून नवी तारीख मिळवून दिली. त्यानंतर महनाज रोज येऊ लागली, आणि तिच्यामागून बाकीच्या बायका. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, कधी फोनवरच्या दुभाष्याकरवी त्या बोलायच्या. वकिलालाही न सांगितलेल्या गोष्टी एकदोघींनी नीनाला सांगितल्या. त्यातलं काय लिहायचं आणि काय नाही, हे ती प्रत्येकीला विचारून घ्यायची.

“हे कोण वाचणार?” महनाजने संमतीच्या कागदावर सही करण्याआधी विचारलं होतं.

“चांगली माणसं,” नीना म्हणाली. “तुमचे वर्ग सुरू करणारी.”

मग महनाज सावकाश, शब्द शोधत बोलली. “मला रस्त्यावर भीती वाटते. माणसं मोबाइल धरून आमचे फोटो काढतात. पण मला भाषा आली, तर मी त्यांच्याशी बोलेन. बोललं की भीती कमी होते. माझी पण, त्यांची पण.”

नीनाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. अर्ज मंजूर झाला. त्या दिवशी ती बेकरीतून केक घेऊन हॉटेलवर गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. महनाजने तर कोणत्या भिंतीवर फळा लावायचा हेही ठरवून टाकलं.

पुढे उन्हाळ्यात वातावरण बिघडलं. या माणसांना इथून हलवा म्हणत हॉटेलसमोर दर शनिवारी झेंडे घेऊन जमाव उभा राहू लागला. एकदा दगडफेक झाली, दोन खिडक्या फुटल्या. समरच्या वॉर्डमधली माणसं त्याच्यावर उखडली होती आणि निवडणूक जवळ येत चालली होती. नीना त्याला विचारायची, “वर्ग कधी सुरू करायचे रे?” तो म्हणायचा, “थोडा थांब, मावशी. टायमिंग बघायला लागतो.” ती थांबली. घरच्या मुलावर अविश्वास कोण दाखवतो?

जानेवारीतल्या एका मंगळवारी तिच्या कॉम्प्युटरवर ग्रँट देणाऱ्या ऑफिसची ईमेल आली. तुमच्या कौन्सिलने मागितलेला बदल मंजूर आहे, असं त्यात लिहिलं होतं. नीनाने कुठलाच बदल मागितला नव्हता. तिने जोडलेला कागद उघडला. वर्ग गेले होते, बायकांची खोली गेली होती. त्यांच्या जागी हॉटेलभोवती उंच कुंपण, कॅमेरे, आणि फाटकावर आत-बाहेर करणाऱ्यांची नोंद ठेवायला गार्ड. संपर्क अधिकारी म्हणून नाव नीनाचं. आणि ‘गरज काय आहे’ या रकान्यात, अवतरणचिन्हांत, एकच वाक्य: “मला रस्त्यावर भीती वाटते.” पुढचं सगळं कापलेलं.

तिने ते तीनदा वाचलं. मग कोट न घालताच ती टाउन हॉलच्या पायऱ्या उतरून खालच्या कॅफेत गेली. समर तिथे दोन माणसांबरोबर बसला होता. तिला बघून त्याने त्यांना निरोप दिला.

“हे तू केलंस?”

“मावशी, बस ना. ऐक. वर्ग दिले असते तर लोक म्हणाले असते, आमचा पैसा त्यांना देतात. कुंपण दिला तर दोन्ही साइड खूश. ते लोक पण सेफ.”

“त्यांनी कुंपण मागितलं नव्हतं. महनाजने तर नाहीच नाही.”

“तिने म्हटलंय ना भीती वाटते! मी खोटा काही लिहिला नाही.”

“अर्धं लिहिलंस.”

समरने कपातली कॉफी ढवळली. “मी हरलो तर जो येईल तो तुझा डिपार्टमेंटच बंद करेल. मग काय करशील?”

“आणि माझं नाव का घातलंस?”

त्याने चमचा बशीत ठेवला. मग इंग्रजीत म्हणाला की तिचं नाव असलं की ग्रँटचं ऑफिस फार प्रश्न विचारत नाही. तो हे इतक्या सहजपणे बोलला की नीनाला त्याच्यावर ओरडताही आलं नाही. तिच्या सव्वीस वर्षांच्या चोख कामाचाच त्याने उपयोग करून घेतला होता. गोड बोलून, मावशी मावशी करून.

तिच्या विभागाच्या मॅनेजरने तिला बजावलं होतं, हॉटेलवर यातलं काही बोलायचं नाही, आम्ही अधिकृत पत्र पाठवू. नीना दुसऱ्याच दिवशी गेली. बायका टेबलाभोवती जमल्या. तिने कागद पुढे ठेवला आणि काय झालं ते सरळ सांगितलं, स्वतःची बाजू सावरून न घेता.

महनाजने आपलं वाक्य बोटाने शोधलं. पुढची ओळही शोधली. ती नव्हती.

“तू म्हणाली होतीस, चांगली माणसं,” ती म्हणाली.

“मलाही तसंच वाटलं होतं.”

“तुला वाटलं,” महनाज म्हणाली. “आणि आम्ही सगळं सांगितलं.” मग तिने कागदाची घडी घातली, नीनाकडे सरकवला आणि उठून गेली. बाकीच्याही एकेक करून उठल्या. त्या भांडल्या असत्या तर नीनाला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी विनय म्हणाला, “निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. कशाला वैर घेतेस?” नंतर तिचा चेहरा बघून त्याने विषय सोडला आणि स्वतःच कुकर लावला.

कुंपणाचा विषय कौन्सिलच्या समितीपुढे यायचा होता. अधिकारी म्हणून नीनाला तिथे विरोधात बोलता येत नव्हतं. तिने गावची रहिवासी म्हणून तीन मिनिटं मागितली. पब्लिक गॅलरीतून खाली येऊन तिने महनाजचं सगळं वाक्य वाचून दाखवलं. आपण कुठलाही बदल मागितला नव्हता, हेही सांगितलं. समर समोरच बसला होता. तो शेवटपर्यंत फोनमध्ये बघत राहिला. अध्यक्षबाई म्हणाल्या, “धन्यवाद, नोंद घेतली आहे,” आणि पुढचा विषय पुकारला. पुढचा विषय कचऱ्याच्या डब्यांचा होता.

महनाजचं अर्धं वाक्य कौन्सिलच्या वेबसाइटवरून आणि छापलेल्या पत्रकातून काढलं गेलं. एवढंच तिच्या हाती लागलं. कुंपण उभं राहिलं. नीनाला नोकरीची आचारसंहिता मोडल्याचं पत्र आलं आणि तिची बदली पार्किंग परमिटच्या विभागात झाली. समर दोनशे मतांनी निवडून आला.

दिवाळीच्या पाडव्याला मराठी मंडळाचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होता. समर सगळ्यांना भेटत भेटत नीनापर्यंत आला आणि पाया पडायला वाकला. नीना मागे सरली. त्याचा हात हवेतच राहिला.

“अजून राग आहे, मावशी? सगळ्यांसमोर?”

“तूही सगळ्यांसमोरच केलंस,” ती म्हणाली आणि तिथून निघाली. समरची आई, तिची पंचवीस वर्षांची मैत्रीण, त्यानंतर तिच्याशी बोलली नाही.

महनाजला समितीच्या बैठकीच्या दोन दिवस आधीच सरकारने दूर कार्डिफला हलवलं होतं. एका दिवसाच्या नोटिशीवर, एका बॅगेसकट. आपलं पुरं वाक्य कुणीतरी वाचून दाखवलं हे तिला माहीतच नव्हतं. नीनाने हॉटेलमधल्या एका बाईकडून तिचा नंबर मिळवला. चार वेळा फोन केला, पाचव्यांदा तो उचलला गेला.

महनाज नीट बोलली. तब्येत बरी आहे म्हणाली, खोली लहान आहे पण खिडकी मोठी आहे म्हणाली. तिची इंग्रजी सुधारली होती. तिकडे एका चर्चमध्ये वर्ग मिळाला होता. नीनाने समितीची हकिगत सांगितली. 

“नीना,” महनाजने विचारलं, “आता मी बोलतेय, हे तू लिहून घेतेयस का?”

“नाही गं. नाही.”

“बरं,” महनाज म्हणाली, आणि मग तिने हवेबद्दल विचारलं.