सिंकसकट ओटा

घरात कुठलंही काम काढायचं झालं की मी आधी कागदावर तीन रकाने आखते: 'हवंच', 'असलं तर बरं' आणि 'पुढे बघू'. नवरा म्हणतो, लग्नाआधी हिने माझं नावही कुठल्यातरी रकान्यात टाकून बघितलं असणार. कुठल्या, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

सुकापूरला आमचं छोटं रो-हाउस आहे. मागे चौदा बाय अठराची मोकळी जागा. बिल्डरने टाकलेली खडी, उरलेल्या टाइल्सची चळत, एक कढीपत्ता आणि कपड्यांची दोरी, एवढंच तिथे होतं. घर घेतल्यापासून ती जागा 'पुढे बघू'मध्ये पडून होती. गेल्या वर्षी तिला मी थेट 'हवंच'मध्ये उचललं, ते सासूबाईंसाठी.

सासूबाई उरणकडे खाडीकाठच्या गावात एकट्या राहतात. म्हणजे राहायच्या. आयुष्यभर त्यांनी मासळी विकली. पहाटे बंदरावर जायचं, टोपली भरायची आणि बाजार गाठायचा. आता गुडघे गेलेत. त्यांनी एकटं राहू नये असं डॉक्टरांनी सांगितलं, आम्हीही सांगून बघितलं. त्या यायच्या, पण "चार दिवस हाय" असं दारातच जाहीर करून. पिशवीतले कपडे कपाटात लावायच्या नाहीत. पिशवी पलंगाशेजारी, चेन अर्धी उघडी.

गेल्या वर्षी एका खेपेला त्यांनी स्वतः मांदेली आणली आणि साफ करायला मागच्या दारी पाट टाकून बसल्या. मांदेली झाली, पण त्यांना उठता येईना. मी एका बाजूने, नवरा दुसऱ्या बाजूने, असं आम्ही त्यांना उचललं. शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. त्यांनी तेवढ्यात विचारलंही, "काय हो, पडल्या का?" दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पिशवीची चेन लावून तयार.

"मना आता बसवत नाय, बसली तर उठवत नाय," त्या मुलाला म्हणाल्या. "लोकांच्या घरात कशाला लोळायचं?"

लोकांच्या घरात. हे त्यांनी मुलाच्या घराला म्हटलं होतं. त्या रात्री नवरा जेवला नाही. मी मात्र कागद काढला. त्यांना इथे कायमचं ठेवायचं असेल तर त्यांना आरामात बसता येईल, चार माणसं दिसतील अशी जागा हवी, हा माझा हिशोब. मागच्या जागेचा कायापालट करायचा. बजेट ऐंशी हजार, बँकेतली एक आरडी नुकतीच सुटली होती. त्यावर एक रुपया नाही.

मुलगी पुण्याला शिकते. तिने फोनवर धडाधड फोटो पाठवले. तिच्या भाषेत आमच्याकडे आता 'पॅटिओ' होणार होता. लाकडासारखी दिसणारी फरशी, माळेचे दिवे, कुंड्यांची रांग. मी 'हवंच'मध्ये फरशी लिहिली, पाण्याचा उतार लिहिला आणि सासूबाईंसाठी पाठ टेकता येईल असा झोपाळा लिहिला. दिवे 'असलं तर बरं'मध्ये. झोपाळा मलाही हवा होता, पण तो त्यांच्या नावावर टाकला.

मग भाव काढायला लागले. सगळे गवंडी उलव्याला. तिथे इमारतींवर इमारती चढताहेत, आमच्या दोनशे-अडीचशे फुटांसाठी कोण येणार? एक जण आला, जागा बघितली, एक लाख चाळीस म्हणाला आणि चहा मागितला. चहा दिला.

दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरला फोन करायचं काम मी नवऱ्याला दिलं. माझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या, नाहीतर असं काम मी त्याच्यावर सोपवत नाही. संध्याकाळी त्याने सांगितलं, "झालं बोलणं. उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन टाकतोय. माप पण दिलं."

दुसऱ्या दिवशी कोटेशन आलं. सासूबाई त्या दिवशी आलेल्याच होत्या, चार दिवसांसाठी. मी डायनिंग टेबलाशी बसून मोठ्याने वाचायला लागले.

"ओटा आठ फूट, काळा ग्रॅनाइट. खाली कडप्प्याचे कप्पे. स्टीलचं सिंक एक. नळ एक. मागे दोन फूट टाइल. एकूण शेहेचाळीस हजार." मी नवऱ्याकडे बघितलं. "तू त्याला नक्की काय सांगितलंस?"

"मागच्या दारी ओटा बांधायचाय म्हणालो."

"ओटा?"

"मग काय म्हणणार? पॅटिओ? आमच्या गावात घराबाहेर बसायला बांधतात त्याला ओटाच म्हणतात."

"आणि शहरातला माणूस ओटा म्हणजे काय समजेल?"

तो हसायला लागला. मी कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला. त्याची बाजू अगदी सरळ होती. "मॅडम, तुमच्या लाइनीत सगळ्यांनी मागची जागा घेऊन किचनच केलंय. भाऊ ओटा म्हणाले, मी ओट्याचं दिलं. आता बसायचा ओटा का? मग सिंक कशाला पाहिजे, तसं सांगा ना."

मी फोन ठेवला आणि कोटेशनवर आडवी रेघ मारणार, एवढ्यात हॉलमधल्या पलंगावरून आवाज आला.

"किती उंच?"

आम्ही दोघंही वळलो. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. इतका वेळ सगळं ऐकत होत्या, हे आमच्या लक्षातच नव्हतं.

"काय किती उंच, आई?"

"त्यो ओटा. उभं रहून काम करायचा ना? नळ पन हाय बोलतंस."

"आई, तो चुकून आलाय. आपण तुम्हाला बसायला छान झोपाळा करतोय."

"मी काय बसायला येते का, सूनबाय?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, जरा गंमतच होती. "बसून बसून तर गुडघं गेलं. उभं रहायला मना काय पन होत नाय. तू बाजारातनंच मासली कापून आना सांगतेस. जल्मभर लोकांना मी कापून दिली, आता कापून घेऊ?"

नवरा माझ्याकडे बघत राहिला आणि मी कागदाकडे. माझ्या तिन्ही रकान्यांत त्यांच्यासाठी काय काय होतं? पाठ टेकायला, पाय पसरायला, वारा खायला. हाताला काम असं एकही नव्हतं.

"आणि विळी?" मी विचारलं. "विळीवर तर बसूनच काम करायचं असतं."

"ओट्यावर ठोक. फलीला दोन बोल्ट मार, हलनार नाय." हे त्यांनी इतक्या पटकन सांगितलं की उत्तर आधीपासून तयार असावं.

मग माझ्या आवडीचं काम सुरू झालं. नेहमीचा ओटा त्यांना उंच पडला असता, त्या जेमतेम माझ्या खांद्याला लागतात. मी इस्त्रीचं टेबल आणलं. ते खालीवर होतं. त्यांना समोर उभं केलं, हातात लाटणं दिलं आणि म्हटलं, "मासे कापा." त्यांनी लाटण्याने हवेतला बांगडा कापला. "जरा खाली. आनखी. हां, आता वर घे थोडं." नवरा टेप धरून वाकलेला. अठ्ठावीस इंच.

"अठ्ठावीसवर कोण करतं मॅडम?" कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. "तुमची कंबर मोडेल."

"ओटा माझा नाही," मी म्हटलं.

बजेट ऐंशीच होतं, ते मी हलवलं नाही. पॅटिओची फरशी गेली, तिच्या जागी साधी शहाबादी, तीही अर्ध्याच जागेत. दिवे गेले. झोपाळ्याला रेघ मारताना पेन क्षणभर थांबलं, पण मारली. मुलीने रडका चेहरा पाठवला. मी तिला एक बल्ब मंजूर केला. ग्रॅनाइट आठाऐवजी पाच फूट केला आणि खालचे कप्पे काढून टाकले. सिंक मात्र मोठं घेतलं, कारण सासूबाईंनी विचारलं होतं, "त्यात सुरमय आडवी मावंल का?" दुकानात मी हाताने सुरमई दाखवून सिंक निवडलं. दुकानदाराने दुसरा प्रश्न विचारला नाही.

काम बारा दिवसांत झालं. त्यांची विळी नवऱ्याने गावाहून आणली आणि फळीला बोल्ट मारले. पहिल्या रविवारी त्या जवळच्या उरण नाक्यावरच्या मासळी बाजारात मुलाला घेऊन गेल्या, कोळणीशी भांडून बोंबील आणि कोळंबी आणली आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. वरून विमान गेलं, त्यांनी मान वर केली नाही. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

"काय हो, हे काय नवीन?"

"ओटा हाय. तुमची मासली पन आना, पन फुकट नाय. चाय द्यावी लागंल."

पुढच्या रविवारी काकू पापलेट घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी अजून दोघी. मी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या शहाबादीवर मांडल्या. चार माणसं दिसावीत हा माझा मूळ मुद्दा असा बिनखर्चात साधला. सासूबाई उभ्या, बाकीच्या बसलेल्या, आणि सगळ्यांना ऐकवणं चालू: "आगो, बोंबील असा धरतात का? पोराला धरल्यासारखा काय धरतंस?"

त्यांचे 'चार दिवस' केव्हाच होऊन गेले होते. आम्ही कुणीच विषय काढला नाही. पिशवीकडे बघायचं नाही असं मी आणि नवऱ्याने न बोलता ठरवलं होतं.

मग एका संध्याकाळी त्या ओटा घासत होत्या. घासता घासता त्यांनी वर आकाशाकडे बघितलं.

"सूनबाय, इथं वर काय नाय ना?"

"नाही आई. मोकळंच आहे. का?"

"मंग पावसालात मी कुठं उभी रहू?"

पावसाळ्याला अजून तीन महिने होते. मी आत आले. नवीन कागद घेतला आणि 'हवंच'खाली लिहिलं: पत्रा, आठ बाय सहा. बजेट ऐंशीवर एक रुपया नाही, हे मीच म्हटलं होतं. मी कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला आणि पत्र्याचा भाव विचारला.