कारवीच्या झुडपातल्या दोन वेली

बाळांनो,

तुमच्या घरामागच्या कुंपणावर चढलेल्या वेलीचा फोटो तुमच्या आईने मला पाठवला. वांग्याच्या फुलासारखी जांभळी फुलं, लालबुंद फळं. ती विषारी निघाली म्हणून उपटून टाकली, आणि तुम्ही फोनवर विचारलंत की विषारी वेल ओळखायची कशी. तुमच्याकडची वेल माझ्या ओळखीची नाही. आमच्याकडची एक मी ओळखते. ती कशी ओळखीची झाली हे फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि माझ्यानंतर तुम्हाला ते सांगणारं कोणी नाही. म्हणून लिहून ठेवते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तुमचे आजोबा मुळशीत गुरांचे डॉक्टर होते. आमच्या क्वार्टरच्या वरच्या अंगाला, चढावर, धनगरांची थोडी घरं होती. त्यांतली एक म्हातारी आमच्याकडे दूध घालायची. घरात मुलगा, सून आणि तान्ही नात. सून इंदापूरकडची, कोरड्या माळावर वाढलेली. म्हातारी तिच्यादेखत मला म्हणायची, "बाई, हिला बाभूळ तेवढी ठावी. बाकी समदं हिरवं हिला सारखंच."

"मंग बाभूळच आणायची व्हती की सून करून," सून म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

तिकडे रानातले कंद थंडीत खणतात. पण तोवर वेल वाळलेली असते, खाली काय आहे ते वरून कळत नाही. म्हणून बायका आषाढात, वेल हिरवी असतानाच, ती ज्या झुडपावर चढली असेल तिथे तिला चिंधी बांधून ठेवतात. दुसऱ्याच्या चिंधीला कोणी हात लावत नाही. त्या वर्षी खणायच्या वेळी म्हातारी तापाने पडली होती, तेव्हा तिने सुनेला पाठवलं. सुनेने चिंधी शोधून खणलं, कंद सोलून, चिरून उकडले. मुलाने पोटभर खाल्ले. म्हातारीने दोन-चार फोडी खाल्ल्या. सुनेला कंद कधीच आवडला नाही, घशाला खाजतो म्हणायची. ती भाकरी खाऊन उठली.

संध्याकाळपर्यंत मायलेकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. तुमच्या आजोबांनी त्यांना जीपमधून पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. मुलगा काही दिवसांत गेला. म्हातारी वाचली, पण पुढे तिचे केस मूठमूठ गळले आणि डोकं उघडं पडलं.

दहाव्याला नातेवाईक जमले. मीही गेले होते. मुलाचा थोरला चुलता सगळ्यांसमोर म्हणाला, "समद्यांनी खाल्लं, हिनंच कसं न्हाई खाल्लं? हिला हिच्या मायेरी पोचवा. पोरगी हितंच ऱ्हाईल."

सून दाराशी मुलीला घेऊन बसली होती. तिने फक्त मुलीभोवतीचा पदर घट्ट केला. तिच्या माहेरचं कोणी आलं नव्हतं.

आतून म्हातारी बाहेर आली. डोक्याला फडकं गुंडाळलेलं. "आदी झुडूप बगू," ती म्हणाली. माझ्या खांद्याचा आधार घेऊन ती चढली. मागून चुलता, बाकीचे, आणि सगळ्यांत मागे सून.

कारवीच्या झुडपाखाली उकरलेली माती होती. चिंधी जागेवर होती. म्हातारी खाली बसली आणि तिने चिंधीत अडकलेल्या वाळक्या काड्या वेगळ्या केल्या. त्या दोन वेली होत्या. एकीच्या देठाने कारवीच्या काठीला दोरीसारखा पीळ घातला होता.

"ह्यो कंद. ह्यो आपल्या अंगानंच येढे घेतो."

दुसरीचा देठ सरळ वर गेलेला. पण तिची वाळलेली पानं अजून झुडपाला धरून होती. प्रत्येक पानाचा शेंडा बारीक तारेसारखा फांदीभोवती गुंडाळलेला.

"आन् ही कळलावी. ही पानाच्या शेंड्यानं धरती."

कळलावीचं मूळ विषारी. पावसात तिला ज्वाळेसारखी तांबडी-पिवळी फुलं येतात, तेव्हा ती कोणालाही कळते. चिंधी बांधली तेव्हा फुलं आलेली नव्हती. उकरलेला खड्डा होता तो कळलावीच्या देठाखाली. म्हातारीने सोबत आलेल्या एका पुतण्याला कंदाच्या देठाखाली खणायला लावलं. थोडं खणल्यावर कंद लागला, जाड, केसाळ, जिथल्या तिथे.

म्हातारीने कंदावरची माती पुसली. मग चुलत्याला म्हणाली, "भावजी, चिंधी माजी हाय. म्याच दोनींवरनं बांधली. तिनं माज्या चिंधीखाली खणलं. पोचवायचं तर मला पोचवा. कुटं पोचवता ते सांगा."

चुलता पाठ फिरवून निघाला. लोक एकेक करून उतरले. सुनेला माहेरी पोचवायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

पण त्या घरात पूर्वीसारखं हसणं मी नंतर ऐकलं नाही. म्हातारी कितीतरी महिने स्वतःची भाकरी स्वतः थापायची. सुनेने तिला कारण विचारलं नाही. मीही नाही.

तेव्हा रानात वेल दिसली तर आधी ती आधाराला कशी धरते ते पाहा, देठाने की पानाने. तुमच्याकडच्या वेलीला हे लागू पडेलच असं नाही. तिच्यासाठी तिथल्याच माणसाला विचारा.

म्हातारी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. घरांच्या वरचा तो कारवीचा चढ आता कोणाच्या तरी फार्महाऊसच्या कुंपणात आहे. ती तान्ही नात मोठी झाल्यावर कोळवणला दिली. सून अजून त्याच घरात राहते.