गंधाराखालची रेघ

आमच्या वाद्यवृंदात टॅब आले त्या दिवसापासून मला त्यांचा तिटकारा आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

वाद्यवृंद म्हणजे इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाचा. चार हार्मोनियम, दोन कीबोर्ड, एक बासरी, तबला आणि माझं व्हायोलिन. वाजवणारे सगळे हौशी, कुणी बँकेत, कुणी कोचिंग क्लासमध्ये, कुणी जवळच्या राऊ गावच्या कॉलेजात शिकवणारं. हे सगळं चालवतो तो सॉफ्टवेअरमधला एक तरुण. त्याला सगळे भिया म्हणतात, म्हणजे इंदुरी दादा; तोंडावर मी तेवढी म्हणत नाही. मी त्याच्या आईच्या वयाची. तो मला काकू म्हणतो, आदराने खुर्ची देतो आणि माझं काही ऐकत नाही.

गणपतीच्या कार्यक्रमात आमच्या सरांची धून वाजवायची, हा माझा हट्ट होता. सरांनी मला व्हायोलिन शिकवलं. देपालपूरच्या शाळेत ते संगीत शिकवायला बसने जायचे, आणि बेटम्याच्या अलीकडे एकदा बस बंद पडली तेव्हा रस्त्याच्या कडेला ही धून सुचली, असं सांगायचे. काफी रागातली. ऐकली की कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटत राहतं. त्यांनी ती कधी लिहिली नाही. मला शिकवतानाही म्हणायचे, लिहू नकोस, ऐक. त्यामुळे ती त्यांना येत होती आणि मला, तिसऱ्या कुणाला नाही. एकदा आठ-दहा वाद्यांवर ऐकायची आहे, हे त्यांचं खूप जुनं बोलणं होतं.

आता घाई होती. सरांची आठवण विरत चालली होती. सकाळी पोहे खाल्ले की नाही हे त्यांना दुपारी सांगता येत नसे. सुनेला कधी बहिणीच्या नावाने हाक मारत. धून तेवढी शाबूत होती. ती शाबूत असतानाच त्यांना ऐकवायची, एवढंच मला हवं होतं.

मी वाजवून दाखवली, भियाने लॅपटॉपवर स्वर टाइप केले. गंधार आणि निषाद कोमल, म्हणजे ग आणि नी या दोन अक्षरांखाली प्रत्येक ठिकाणी आडवी रेघ हवी. रेघ नसली की तोच स्वर शुद्ध होतो, वर चढतो, आणि धुनेतली सगळी हुरहूर निघून जाऊन उरते शाळेतली प्रार्थना. हे मी त्याला बजावून सांगितलं होतं. त्याने रेघा मारल्या, कागद छापून वाटले, तालमी झाल्या. तालमीत सगळं बरोबर वाजत होतं. फक्त कुणी मान वर करत नव्हतं. कागद बाजूला ठेवून एकदा वाजवून बघा असं मी म्हटलं, तर कीबोर्डवाली हसून म्हणाली की काकू, इतकं कोण याद ठेवतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मंडपात गेले तर प्रत्येकासमोर स्टँड, स्टँडवर टॅब आणि वर चिमटा लावलेला छोटा दिवा. बाहेरगावच्या मोठ्या वाद्यवृंदांसारखं दिसायला पाहिजे, असं भियाचं म्हणणं. कागद त्याने गोळा करून टाकले होते. रंगमंचावरचे मोठे दिवे मंद केले तेव्हा सगळ्यांच्या तोंडांवर खालून निळसर उजेड पडला. फ्रिज उघडून काय खावं हे न सुचलेल्या माणसाच्या तोंडावर पडतो, तसा. त्यात पावसाळा संपत आलेला. दिव्यांवर किडे जमले आणि टॅबच्या काचेवर फिरू लागले. एका हार्मोनियमवाल्याने किडा झटकला तर पान उलटलं, आणि तो घाबराघुबरा होऊन बोट घासत बसला. मी माझा टॅब पालथा घातला आणि दिवा बंद केला.

सर पहिल्या रांगेत होते, धुतलेलं जाकीट घालून. शेजारी सून.

धून सुरू झाली. सर मांडीवर बोटांनी ताल धरत होते. पहिला गंधार आला आणि माझ्या एकटीचा कोमल लागला. बाकी सगळ्यांचा शुद्ध. मला वाटलं माझी तार उतरली. पुढे निषाद आला, तोही तसाच. काफी संपला होता. प्रार्थना सुरू झाली होती.

हीच माणसं, हीच बोटं तालमीत दर रविवारी कोमल गंधार लावत होती. आणि आता कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. बासरीवाल्याने पहिल्या फेरीत सवयीने कोमल फुंकला, दचकला, टॅबकडे पाहिलं आणि पुढच्या वेळी शुद्ध केला. त्याने चूक सुधारली! तो क्षण आठवला की आजही मला शिसारी येते. कानांना कळलं होतं, आणि त्याने कानांना गप्प बसवलं.

मी कोमलच वाजवत राहिले. त्यामुळे जे बेसूर व्हायचं ते मीच झाले. भियाने माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या आणि बोटाने टॅबकडे खूण केली. लोकही माझ्याकडे पाहू लागले. सरांची बोटं मांडीवर थांबली होती. त्यांनी एकेका वाजवणाऱ्याकडे पाहिलं. एकही नजर त्यांना मिळाली नाही, सगळ्या काचेत होत्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही, नाही म्हटलं. त्यांना काय समजलं कोण जाणे. तिसऱ्या फेरीत त्यांची बोटं पुन्हा चालू लागली.

टाळ्या भरपूर पडल्या. उतरल्यावर माझं सांत्वन सुरू झालं. होतं असं कधीकधी, उमर होते, पुढच्या वेळी टॅब पाहून वाजवा. एका बाईने माझा दंड थोपटला. मी तिचा हात बाजूला केला आणि भियाला गाठलं. त्याने टॅब उघडला, डोळे बारीक केले.

"अरे यार. अंडरलाइन उडून गेली सगळी," तो म्हणाला. "फॉन्टचा लोचा आहे, काकू. लॅपटॉपवर तर बरोबर दिसत होती."

"आणि तुझे कान? तेही लॅपटॉपवरच राहिले?"

"काकू, मी पूरे टाइम पेज बघत होतो." मग तो समजुतीने म्हणाला, "तुम्ही टेन्शन नका घेऊ ना. पब्लिकला काय समजतंय? ताल्या तर पडल्या."

तो खोटं बोलत नव्हता, हेच मला जास्त घाणेरडं वाटलं. त्याला खरोखर काही ऐकू आलं नव्हतं. मी न जेवता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी त्याने त्या वाजवण्याचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला, वर 'सरांची अजरामर रचना' असं लिहून, फुलांसकट. मी फोन करून तो काढायला सांगितलं. तो म्हणाला, काकू, किती छान कमेंट येत आहेत, आणि सरांच्या घरचेही खूश आहेत. हे शेवटचं मी नीट ऐकलं नाही. रागात होते. ग्रुप सोडला, तालमीला जाणं सोडलं, आणि सरांकडे कोणत्या तोंडाने जावं या विचारात काही दिवस काढले.

गेले तेव्हा सर बाल्कनीत खुर्चीवर बसले होते आणि गुणगुणत होते. सून आनंदाने म्हणाली, तो व्हिडिओ रोज टीव्हीवर लावून देते, दिवसातून किती वेळा ऐकतात, फार शांत असतात हल्ली. मी चपला काढता काढता थांबले. सर आपली धून गुणगुणत होते, आणि गंधार शुद्ध होता.

मी शेजारी बसले. उभ्या आयुष्यात सरांची चूक काढायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

"सर, गंधार कोमल आहे."

त्यांनी गाणं थांबवून माझ्याकडे पाहिलं, शिकवणीत पाहायचे तसंच. "कोमल कसा? सगळे वाजवतात ना, तसाच आहे. तूच त्या दिवशी उतरत होतीस. रियाज कमी पडतोय तुझा."

मी बरोबर आणलेलं व्हायोलिन काढलं. धून वाजवली, सगळी, त्यांनी शिकवली तशी, प्रत्येक गंधार जागच्या जागी. त्यांनी डोळे मिटून ऐकली. मधे एकदा मानही डोलली, आणि मला वाटलं, आली, परत आली.

संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. चेहरा प्रसन्न होता.

"ही पण छान आहे," ते म्हणाले. "कुणाची गं?"

"तुमचीच, सर."

त्यांनी होकाराची मान हलवली, माझं मन राखायला हलवावी तशी, आणि परत गुणगुणायला लागले. शुद्ध गंधार.