तेल उतरलंच नाही

समजा, तुम्हाला या गाडीचं तेल बघायचं आहे. बॉनेट उघडा. इंजिन गार आहे ना, ते हात लावून बघा. डाव्या हाताला खोलवर एक पिवळी कडी दिसेल, ती ओढा म्हणजे लांब पट्टी बाहेर येईल. फडक्याने पुसा, पुन्हा आत घाला, पुन्हा काढा. पट्टीवर दोन खुणा आहेत. दुसऱ्या कुठल्याही गाडीत तेल वरच्या खुणेला टेकलेलं दिसलं की तुम्ही समाधानाने बॉनेट लावून टाकाल. या गाडीत मात्र पट्टी दिव्याकडे धरून पुन्हा बघाल. मागच्या खेपेपासून तेल उतरलेलं असेल तर सगळं ठीक. उतरलेलं नसेल तर खाली बसावं लागेल.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी सुमिए ओशिता गॅरेजच्या पायरीवर बसल्या त्या अशाच. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात फडकं. समोर फळीवर तेलाचा डबा होता, एप्रिलमध्ये त्यांनीच आणलेला. त्याच्या झाकणाचं कडं अजून तुटलेलं नव्हतं.

सदुसष्ट वर्षांच्या सुमिएंकडे दोनच माणसं बसतील अशी, बॉनेटमधून वर उघडणाऱ्या दिव्यांची, बुटकी लाल स्पोर्ट्स कार आहे, हे फुचू गावातल्या त्या चढावरच्या गल्लीत सगळ्यांना सवयीचं झालं होतं. नवरा गेल्यावर तिसऱ्या वर्षी त्यांनी ती घेतली, पाच वर्षं वापरलेली. सासूबाई तेव्हा हयात होत्या. "विधवेला मागचं सीट नसलेली गाडी कशाला?" असं त्या म्हणाल्या होत्या. सुमिए म्हणाल्या, "मागे बसून सूचना देणारं कुणी नको म्हणून."

खरं कारण इंजिनात होतं. त्यात पिस्टन नाहीत. फुगीर बाजूंचे दोन त्रिकोण, त्यांना रोटर म्हणतात, ते आपापल्या घरात गरगर फिरतात. प्रत्येक त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला बोटभर लांबीची एक पट्टी असते, ती सील. ही सील घराच्या भिंतीला घासत पळते, मिनिटाला हजारो वेळा. ती कोरडी पडली तर भिंत ओरबाडली जाते आणि इंजिन संपतं. म्हणून बनवणाऱ्यांनीच एक छोटा पंप बसवलेला असतो, तो तेलाचे थेंब मुद्दाम आत सोडतो. ते तेल सीलला ओलं करतं आणि पेट्रोलबरोबर जळून जातं. ही गाडी तेल खाते ती आजारी आहे म्हणून नव्हे, जगायचं आहे म्हणून.

सुमिएंनी शहरातल्या मोटारींच्या कारखान्यात एकतीस वर्षं या पट्ट्या मोजल्या. मायक्रोमीटरमध्ये धरायची, आकडा बघायचा, बरी ती निळ्या तबकात, वाईट ती लाल तबकात. पुढे ते खातंच बंद झालं, टेबलं उचलून नेली, आणि त्या जागी आता रंगाच्या पिंपांचं कोठार आहे. गाडी घेतल्यावर त्यांनी इंजिनाचा नंबर मुकाईंना दिला. मुकाई कारखान्यात त्यांच्याच ओळीत इंजिनं जोडायचे, आता गाड्या दुरुस्त करतात. त्यांनी जुन्या नोंदी चाळून सांगितलं, की हे इंजिन नव्वद सालच्या मार्चातलं. तेव्हा मोजायच्या टेबलावर दोघीच होत्या. म्हणजे या सहा पट्ट्या सुमिएंच्या हातून गेलेल्या असण्याची शक्यता निम्मी. सुमिएंनी ती पूर्ण धरली. एकतीस वर्षांतलं दाखवण्यासारखं त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं.

दर हजार किलोमीटरला अर्धा लिटरच्या आसपास तेल लागायचं. ते घातलं की तांदूळवाल्याच्या कॅलेंडरवर त्या लाल गोल काढायच्या. मे महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगा युकिनोरी ओकायामाहून दर रविवारी येऊ लागला. जूनमध्ये गाडीची सरकारी तपासणी होती, तीही त्यानेच करून आणली. ऑगस्टपासून सुमिए पुन्हा गाडी चालवू लागल्या. मात्सुएला त्यांच्या बहिणीने मनगट मोडून घेतलं होतं, तिच्याकडे डोंगर ओलांडून त्या सहा वेळा जाऊन आल्या. डॉक्टरांनी वाकायला मना केलं होतं, म्हणून तेल युकिनोरी बघायचा.

"तेल?" त्या घरातून विचारायच्या.

"बघितलं, आई. ठीक आहे."

त्या "ठीक आहे"चा अर्थ त्यांनी "घातलं" असा घेतला. कॅलेंडरवर गोल दिसत नव्हते, पण मुलगा गोल काढायचा आळस करत असेल, असं त्यांना वाटलं. चौथ्या आणि पाचव्या खेपेला वाटेत मियोशीच्या पेट्रोल पंपावर गरम इंजिन लवकर सुरू होईना. बॅटरी म्हातारी झाली असेल, असं त्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मात्र त्यांच्यातली मोजायच्या टेबलावरची बाई जागी झाली. गरम असताना दम नाही, म्हणजे दाब कमी. रविवारी युकिनोरी यायच्या आधी त्यांनी स्वतः बॉनेट उघडलं.

युकिनोरी आला तो जेवणाचे दोन डबे घेऊन.

"खाली का बसलीस? गुडघा दुखेल ना."

"तेल उतरलेलं नाही."

"मग चांगलं आहे की."

"तू कधी घातलंस?"

"घातलंच नाही. लागलंच नाही, आई." तो हसला. गेले चार महिने हे हसू त्याने राखून ठेवलं असावं. "धूर बंद झालाय, तुझ्या लक्षात आलं नाही?"

सुमिएंनी पट्टी नाकाशी नेली. तेल काळंकुट्ट, आणि त्याला पेट्रोलचा वास. "काय केलंस?"

"तपासणीच्या वेळी गॅरेजवाल्याला सांगितलं, धुराचं काहीतरी कर. त्याने तेलाच्या त्या बारीक नळ्या बंद करून टाकल्या. अर्ध्या तासाचं काम. धुराच्या तपासणीत गाडी अशी पास झाली की तो माणूसही चकित."

"मुकाईंकडे नेली नाहीस?"

"ते नाही म्हणाले असते."

"का नाही म्हणाले असते, ते विचारलंस?"

युकिनोरीने डबे पायरीवर ठेवले. तो सॉफ्टवेअर लिहितो, हुशार आहे. पण आपली आई एकतीस वर्षं काय मोजत होती, हे त्याला कधी नीट माहीत नव्हतं. कारखान्याचं बोलणं जेवणाच्या टेबलावर नको, असं त्याचे वडील म्हणायचे आणि सुमिएंनीही ते कधी मोडलं नव्हतं.

"आई, ती एप्रिलमधली सूचनांची फळी आठवते?"

गल्लीत महिन्यातून एकदा सूचनांची फळी घरोघर फिरते. वाचायची, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा, पुढच्या दारात ठेवायची. एप्रिलच्या फळीवर कचऱ्याच्या वेळांखाली एक ओळ होती, की सकाळी गाड्यांच्या धुरामुळे वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो, सर्वांनी काळजी घ्यावी ही विनंती.

"आठवते. मी शिक्का मारला."

"कुणासाठी होती ती?"

"तेरानिशींसाठी. त्यांची ती मासळीची डिझेल व्हॅन."

युकिनोरी गाडीच्या मागच्या बाजूला बघत राहिला, सायलेन्सरच्या दोन तोंडांकडे. सुमिएंना समजायला तेवढं पुरलं.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"अख्ख्या गल्लीला. मी हॉस्पिटलचे कपडे न्यायला आलो तेव्हा समोरच्या कावाउचीबाईंनी मला कोपऱ्यावर थांबवलं. म्हणाल्या, ओशिता-सानना काही म्हणू नका हं, त्यांना वाईट वाटेल, आधीच गुडघ्याचं चाललंय. मग मी मोमिजी मांजू मिठाईचे सात डबे आणले आणि सात घरी जाऊन माफी मागत वाकलो. सांगितलं, धूर बंद होईल."

"सात घरी."

"तेरानिशींकडेही. त्यांनी तर उलट मलाच स्क्विड दिले."

सुमिए सहा महिने तेरानिशींकडे बघून नमस्काराला किंचित कमी वाकत होत्या. व्हॅन सुरू झाली की खिडकी जरा जोरात लावत होत्या. आणि तो माणूस हे सगळं समजून, सकाळी व्हॅन उतारावरून ढकलत खाली नेऊन तिथे सुरू करत होता, फळी त्याच्यासाठीच होती असं त्यांना वाटत राहावं, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. हे त्यांना आत्ता कळत होतं.

"गॅरेजवाला आणखी काही म्हणाला?" त्यांनी विचारलं. "नळ्या बंद करणारा माणूस एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहत नाही."

युकिनोरीने बुटाने पायरीवरचं पान बाजूला केलं. "म्हणाला, मग पेट्रोल भरताना दर वेळी टाकीत थोडं तेल मिसळा."

"आणि ते तू मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगणार? तेल मिसळ म्हटलं असतं तर तू का विचारलं असतंस. मग नळ्यांचं आलं असतं, मग फळीचं. तुला ते कळू नये म्हणून तर एवढं केलं. आणि मिसळलं की पुन्हा थोडा धूर येणार. सात घरी शब्द दिला होता मी."

"मात्सुए सहा वेळा," सुमिए म्हणाल्या. "डोंगरातून. ऑगस्टपासून."

"आई, मला वाटलं तो उगाच घाबरवतोय. गॅरेजवाले घाबरवतातच. गाडी तर चालत होती ना."

"हो. चालत होती."

डबे तसेच राहिले.

मुकाईंचं शेड नदीच्या कडेला आहे. सोमवारी सुमिएंनी टाकीत तेल मिसळलं आणि गाडी हळू चालवत तिथे नेली. सत्तरी ओलांडलेले मुकाई हातमोजे न घालता काम करतात.

"काय सुमिए-सान, तुमची गाडी सुधारली म्हणे. दारू सोडल्यासारखं तेल सोडलं तिने."

"दाब मोजा."

त्यांच्या आवाजावरून मुकाईंनी पुढची थट्टा गिळली. प्लग काढून त्यांनी मीटर लावला आणि सुमिएंनी आत बसून किल्ली फिरवली. रोटरची तीन तोंडं, तीन आकडे. पुढचा रोटर सहा पॉइंट सात, सहा पॉइंट सात, सहा पॉइंट पाच. सहाच्या खाली गेलं की इंजिन बाद धरतात. मुकाईंनी मीटर मागच्या रोटरला लावला. सुमिए कान देऊन होत्या. चांगल्या रोटरचा आवाज फुस्-फुस्-फुस् असा एकसारखा येतो. हा लंगडत होता.

"पाच पॉइंट आठ," मुकाई म्हणाले. "पाच पॉइंट सात." मग मीटर पुन्हा बघून, "चार पॉइंट दोन."

"पुन्हा घ्या."

त्यांनी पुन्हा घेतलं. आकडा तोच आला.

मुकाईंनी प्लगच्या भोकातून कॅमेऱ्याची वायर आत सोडली आणि छोटा पडदा सुमिएंकडे वळवला. भिंत आरशासारखी असायला हवी. तिच्यावर उभ्या रेघा होत्या, मांजराने कापडावर ओढाव्यात तशा.

"उघडून नवीन बसवता येईल," मुकाई म्हणाले. "भिंत नवी, सील नव्या. भाग मिळतात अजून, थोडे दिवस थांबावं लागेल. पळेल पुन्हा."

"सील नव्या?"

"जुन्या कशा लावणार? झिजलेल्या आहेत."

"किती झिजल्या ते मोजता येईल ना, काढल्यावर."

"मोजून काय करणार, सुमिए-सान? आपल्याला माहीत आहे त्या कुठल्या तबकात जातील."

सुमिएंनी पर्समधून रुमाल काढला, पण डोळ्यांना नाही लावला. सीटवर तेलाचा डाग पडला होता, तो पुसला. "ठेवा गाडी इथे," त्या म्हणाल्या. "उघडू नका अजून." आणि बसने घरी आल्या.

युकिनोरीचा फोन रोज येऊ लागला. इंजिनाचा सगळा खर्च मी करतो, तो म्हणाला, दोनदा रडलाही. सुमिए त्याला चिडून काही बोलल्या नाहीत. तू माझ्यासाठी केलंस, हे मला माहीत आहे, म्हणाल्या. हे खरं होतं, आणि राग ठेवायला जागाच नव्हती हे त्यांना सगळ्यात जास्त टोचत होतं. मुलगा प्रेमाने वागला होता, कावाउचीबाई काळजीने, तेरानिशी तर उदारपणे. गॅरेजवाल्याने सांगितलं तेवढं केलं होतं आणि इशाराही दिला होता. कुणाचंच माप चुकलेलं नव्हतं. तरी भिंतीवर रेघा होत्या.

एका संध्याकाळी त्या तेरानिशींच्या दारात गेल्या आणि पुरतं वाकून म्हणाल्या, "एप्रिलपासून मी तुम्हाला चुकीचं समजत होते." तेरानिशी इतके गोंधळले की त्यांनी पुन्हा स्क्विडच आणून दिले. "छे छे, ओशिता-सान, कशाबद्दल? आमचीही व्हॅन जुनीच आहे." एवढं बोलून त्यांनी दार हळूच लावलं.

मंगळवारी सकाळी, कावळ्यांनी उपसू नये म्हणून कचऱ्यावर टाकतात त्या जाळीपाशी, कावाउचीबाई भेटल्या. दोघींची घरं समोरासमोर, मध्ये चार मीटरचा रस्ता. सव्वीस वर्षं एकमेकींच्या दोऱ्यांवरचे कपडे त्यांना पाठ आहेत.

"गार पडायला लागलं," कावाउचीबाई म्हणाल्या.

"हो ना."

"गाडी दिसत नाही हल्ली. बरी आहे ना?"

सुमिएंनी त्यांच्याकडे बघितलं. कावाउचीबाईंच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. आता विचारावं, असं सुमिएंच्या ओठांवर आलं. पण त्या म्हणाल्या, "दुरुस्तीला दिलीय. तुम्हाला बरेच दिवस त्रास झाला."

"छे, छे. त्रास कसला? आम्हाला तर कधी जाणवलंच नाही." कावाउचीबाई वाकल्या. सुमिएही वाकल्या, तेवढ्याच. कावाउचीबाईंनी पिशवीवर जाळी नीट ओढली आणि त्या चार मीटरचा रस्ता ओलांडून आपल्या दाराशी गेल्या.

सुमिए जाळीपाशी उभ्या राहिल्या. एकतीस वर्षं हजारो पट्ट्या हातात धरून त्यांनी एका श्वासात ठरवलं होतं, ही बरी, ही वाईट, आणि एकाही पट्टीला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. मग, त्यांच्या मनात आलं, सात घरांतल्या एकालाही हे चार मीटर ओलांडून, तुमची गाडी धूर सोडते बाई, एवढं तोंडावर सांगता येऊ नये, असं माझ्यात त्यांना काय दिसलं असेल?